चित्र विकायला निघालात? मग निदान या चुका तरी टाळा

रंगवायला शिकवणारे ढिगाने सापडतात. चित्र पुरं झाल्यापासून ते घेणाऱ्याच्या भिंतीवर लागेपर्यंत काय काय करावं लागतं, हे मात्र कोणी शिकवत नाही, आणि नवखे चित्रकार घसरतात ते नेमके तिथेच. दर वेळी त्याच चुका आणि त्यावर तीच कारणं. ऐकून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

गॅलरीत एक भाव, स्टुडिओत दुसरा

या चुकीवर माझा विशेष राग आहे.

गॅलरीचं कमिशन साधारण 30 ते 50 टक्क्यांच्या घरात असतं. नव्या माणसाला ते फार टोचतं. ‘राबायचं आम्ही आणि अर्धे पैसे यांना?’ मग स्टुडिओत कोणी आलं की तेच चित्र निम्म्या किमतीत द्यायचं. हातात येणारे पैसे तेवढेच, मग बिघडलं कुठे?

बिघडतं असं. ओळखीतल्या एका तरुण चित्रकाराचं पहिलंच एकल प्रदर्शन होतं. उद्घाटनाच्या संध्याकाळीच एका मोठ्या चित्राखाली लाल टिकली लागली, म्हणजे ते विकलं गेलं. नंतर एका बाईंनी दुसऱ्या एका चित्रासाठी त्याला परस्पर मेसेज केला. याने उत्तर दिलं, ‘प्रदर्शन संपेपर्यंत थांबा, निम्म्यात देतो.’ बाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्यांना फक्त घासाघीस करायची होती. त्यांनी तो मेसेज सरळ गॅलरीच्या टेबलावर नेऊन दाखवला आणि विचारलं, ‘चित्रकार इतके कमी करतोय, तुम्ही किती कराल?’

गॅलरीवाल्यांनी आवाज चढवला नाही. प्रदर्शन ठरल्या दिवशी संपवलं, उरलेली चित्रं बांधून परत दिली आणि पुन्हा कधी त्याला बोलावलं नाही. लाल टिकलीवाल्या गृहस्थांच्या कानावर ही गोष्ट गेलीच. पूर्ण किंमत मोजून आपण मूर्ख ठरलो असं वाटल्यावर कोण थांबतो? त्यांनी खरेदी रद्द केली. मुलगा मला म्हणाला, ‘पण कमिशन जरा जास्तच होतं ना!’ असेल. मग ते करारावर सही करताना बोलायचं. भिंत त्यांची, दिवे त्यांचे, गिऱ्हाईक त्यांनी बोलावलेलं. त्याचेच ते पैसे असतात.

चित्राला भाव एकच. मी तो चित्र पुरं झालं की लगेच वहीत लिहून ठेवते, कारण महिनाभर चित्र समोर राहिलं की जीव जडतो आणि आकडा फुगतो. जुन्या गिऱ्हाइकाला 10 टक्के सूट देते. त्यापुढे नाही, मग तो सख्खा मामेभाऊ का असेना.

आकारावरून भाव काढणाऱ्यांनी क्षेत्रफळाच्या नादी लागू नये. 10 बाय 10 इंचाचं चित्र 100 चौरस इंच भरतं, 40 बाय 40 चं 1600. म्हणजे भाव सोळा पट, आणि मोठं चित्र कायमचं तुमच्याच घरात. त्याऐवजी लांबी आणि रुंदीची बेरीज घ्या: 20 आणि 80. चौपट भाव समोरच्याला पटतो आणि सांगताना आपलीही जीभ अडखळत नाही. आणि एकदा वाढवलेला भाव खाली आणू नका. विकलं जात नसेल तर लहान चित्रं काढा.

हाताला सुकं लागलं म्हणून बांधून टाकलं

अ‍ॅक्रिलिक अर्ध्या तासात सुकतं, हे सगळ्यांना पाठ असतं. सुकल्यावरही त्याचा थर उष्णतेने मऊ पडतो, हे कोणी लक्षात ठेवत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत पार्सल दिवसभर पडून राहिलं की तो थर चिकट होतो आणि त्यावर टेकलेली प्रत्येक वस्तू आपला शिक्का उमटवून जाते.

एकीने मोठ्या कॅनव्हासला बबल रॅप थेट गुंडाळला, तोही फुगे आतल्या बाजूला करून. चित्रात संध्याकाळचं आकाश होतं, सपाट, तलम, बरेच दिवस खपून केलेलं. पार्सल उघडलं तेव्हा त्या आकाशभर गोल गोल खळगे, अगदी एका मापाचे आणि एका ओळीत. घेणाऱ्याने फोटो पाठवून विचारलं, ‘हा टेक्स्चर मुद्दाम आहे का?’ तिने मला विचारलं की ‘हो’ म्हणून सांगू का! नाही. पैसे परत करायचे. ती जागा पुन्हा रंगवून बघितली, पण तिरक्या उजेडात खळगे तसेच दिसत होते.

माझी पद्धत म्हणजे रंगाला काहीच टेकू द्यायचं नाही. चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे कोन, त्यावर चित्रापेक्षा थोडा मोठा पुठ्ठा, म्हणजे मध्ये पोकळी राहते. मग प्लास्टिक, आणि बबल रॅप सगळ्यात शेवटी, फुगे बाहेरच्या बाजूला. वेळ लागतो. लागू दे.

तैलरंगाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातलं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबरसारखे मातकट रंग लवकर आवळतात, टायटॅनियम व्हाइट आणि कॅडमियम रेंगाळतात. वरून साय धरलेली आणि आत ओलं, असं जाड थरात महिनोन् महिने चालतं. पारंपरिक वॉर्निश, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक राखणीचा थर, सहा महिने ते वर्षभराने लावायचं असतं. गिऱ्हाइकाला घाई असेल तर चित्र वॉर्निशशिवाय द्या आणि वर्षाने येऊन लावून देईन असं सांगा. असं सांगितल्यावर कोणी नाराज झालेलं मी पाहिलं नाही. उलट त्या निमित्ताने पुन्हा भेट होते आणि कधी कधी दुसरं चित्रही जातं.

उडणारे रंग

ट्यूबवरचं नाव वाचू नका, मागचा रंगद्रव्याचा बारीक कोड वाचा. पीआर 83 म्हणजे खरा अ‍ॅलिझरिन क्रिमसन, दिसायला देखणा आणि उजेडात हळूहळू विरणारा. तीच छटा हवी तर पीव्ही 19 किंवा पीआर 177 बघा. फ्लोरोसंट रंग विकायच्या चित्रात नकोतच.

‘व्हॅन गॉगने कुठे कोड वाचले?’ असं एकाने मला ऐकवलं होतं. नाही वाचले, म्हणूनच त्याच्या झोपण्याच्या खोलीच्या जांभळट भिंती आज निळ्या दिसतात. त्यातला लाल उडून गेला. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोने हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली चित्रं 1964 मध्ये लावली आणि 1979 पर्यंत काढून ठेवावी लागली, कारण त्यातला लिथॉल रेड नावाचा लाल रंग उन्हाने फिका पडला होता. त्यांना त्यांचं नाव तारून नेतं. तुमच्या गिऱ्हाइकाने मात्र लाल रंग बघून पैसे मोजलेले असतात.

बाकीचं थोडक्यात

फोटो फ्लॅश मारून काढू नका. ढगाळ दिवसाचा उजेड, कॅमेरा चित्राला समांतर, बस्स. फोटोत रंग भडक करून विकलात तर चित्र परत येणारच.

मागे शीर्षक, वर्ष, माप आणि माध्यम लिहा. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या चौकटीच्या लाकडावर लिहा, कॅनव्हासवर मार्करने नको, शाई पुढे उमटते.

ऑर्डरचं चित्र असेल तर निम्मे पैसे आधी. कच्च्या रेखाटनाला होकार घ्या आणि बदल किती वेळा करून देणार ते लिहून द्या. ‘ओळखीचे आहेत, कसं मागायचं’ म्हणणारे शेवटी ओळखही घालवतात आणि पैसेही.

चित्र विकलं म्हणजे छापायचा हक्क विकला असं बहुतेक ठिकाणी होत नाही. ऑर्डरच्या पोर्ट्रेटबाबत काही देशांत उलट नियम आहे, तेव्हा पावतीवरच एक ओळ टाकून मोकळे व्हा.

‘माझ्या बायकोला तुमचं काम फार आवडलं, तिला सरप्राइज द्यायचंय, किंमत विचारत नाही, वाहतूकवाला माझा आहे, चेक जास्तीचा पाठवतो, उरलेले पैसे त्याला द्या.’ हा ईमेल जगातल्या प्रत्येक चित्रकाराला येतो. चेक वटत नाही आणि तुम्ही दिलेले पैसे गेलेले असतात. उत्तरच देऊ नका. कोणतं चित्र आवडलं हे ज्याला सांगता येत नाही, तो गिऱ्हाईक नाही.

आणि चित्रं कुठेही विक्रीला ठेवलीत, अगदी मैत्रिणीच्या दुकानात, तरी यादी करून सही घ्या: कोणतं चित्र, किती भाव, तुटलं-फुटलं तर भरपाई कोणाची, विकल्यावर किती दिवसांत पैसे, न विकलेलं कधी परत. एका पानात मावतं. सही करायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून चित्रं त्याच दिवशी परत आणा.