आजोबांचं चावीचं घड्याळ

१७ ज्वेल्सचं (आत घर्षण कमी करणारे बारीक खडे) हे मनगटी घड्याळ कपाटात कित्येक वर्षं पडून होतं. चावी दिली की दोन मिनिटं चालायचं, मग गप्प. 'जास्त चावी दिल्यामुळे स्प्रिंग अडकली' असं घरात सगळे ठामपणे सांगायचे. खरं तर पूर्ण चावी भरूनही घड्याळ चालत नसेल तर बहुधा आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. इथेही तेच निघालं.

सुटं करण्याआधी क्राउन (चावी द्यायची कळ) बोटांत धरून, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) हलकेच बाजूला सारून मेनस्प्रिंगचा, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा, ताण हळूहळू सोडला. हे विसरलात तर पॅलेट फोर्क (चक्रांना ठोक्याठोक्याला अडवून सोडणारा भाग) काढताच चक्रं गरगर सुटतात आणि दाते नाहीतर पिव्हट (आसांची बारीक टोकं) मोडतात. पॅलेटचे खडे लाखेनं चिकटवलेले असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते; म्हणून तो भाग पांढऱ्या पेट्रोलमध्येच धुतला. तेल देताना हात आवरणं सगळ्यात अवघड. पॅलेट फोर्कच्या पिव्हटना तर अजिबात द्यायचं नसतं.

जोडल्यावर चाललं, पण तासाला दहा मिनिटं पुढे! हेअरस्प्रिंगची (ठोक्यांची गती ठरवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांना चिकटत होती, म्हणजे चुंबकत्व. चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवरून फिरवताच ठोके ताळ्यावर आले: तासाला १८,०००, सेकंदाला पाच.

पिवळटलेल्या डायलला हात लावला नाही. आजोबांच्या मनगटावर ती तशीच दिसायची. रोज अर्धा मिनिट पुढे जातं. सकाळी चावी देताना काटे जुळवून घेतो.