रिकामी खुर्ची आणि दोन मांजरे: संसाराची अस्वस्थ करणारी अद्भुतकथा कशी लिहावी

एकमेकांशी बोलेनासे झालेले नवरा-बायको आणि त्यांची मांजरे यांची अद्भुतकथा लिहायची असेल, तर मांजरांना बोलायला लावू नये. माझ्या पहिल्या खर्ड्यात बोका बोलत होता आणि चार पानांतच तो बालनाट्यातला वाटू लागला. मांजराने मांजरासारखेच वागावे. मात्र त्या वागण्याचा जो एकमेव अर्थ निघेल, तो अशक्य असावा.

ही दोघे अजून एका छपराखाली का राहतात, हे वाचक पहिल्याच पानावर विचारतो. गोव्यात याचे उत्तर कायद्यातच सापडते. 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या इथल्या व्यवस्थेत, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची समाईक होते आणि घर विकायचे तर दोघांचीही संमती लागते. फोंड्याकडचे राजांगणाचे, म्हणजे मधोमध उघडा चौक असलेले, जुने घर घ्यावे. त्याला ते विकायचे आहे, तिला नाही. भांडणे रंगवत बसू नये, निरोप मांजरीमार्फत जाऊ द्यावेत: "मने, सांग त्यांना, सिलिंडर संपलाय." संसार किती जुना आणि किती थंड आहे, ते एवढ्यावरून कळते.

भीतीचे बीज मात्र मांजरांच्या खऱ्या सवयीतून घ्यावे. एका घरातल्या दोन मांजरांपैकी एक जनावरांच्या डॉक्टरकडून परत आले, की त्याच्या अंगाचा वास बदललेला असल्यामुळे दुसरे कधी कधी त्याला ओळखत नाही, फिस्कारते, अंगावर धावूनही जाते. हीच गोष्ट बायकोला लावावी. आठ दिवस माहेरी राहून ती परतते आणि दोन्ही मांजरे तिच्यावर फिस्कारतात. नवरा हसतो, वाचकालाही हसू द्यावे. दुसऱ्या सकाळी राजांगणाच्या कडेला तिची नेहमीची खुर्ची रिकामी असते. मनी शेपूट उभारून तिथे जाते आणि खुर्चीपुढच्या मोकळ्या हवेत, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर, गाल घासते. मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात आणि गाल घासून ते माणसावर आपलेपणाची खूण सोडते, हे इथे सांगायची गरज नाही, पण लिहिणाऱ्याला ठाऊक असावे. सांगायचे ते इतकेच, की गाल घासताना तिची मान किंचित दबते, जणू समोर खरोखरच काही टणक आहे. इथे घाई करू नये. माझ्या मते सगळी कथा त्या दबलेल्या मानेवर उभी राहते.

पुढे नवऱ्याकडे वळावे. तो त्या खुर्चीपाशी चहाचा कप ठेवू लागतो आणि खुर्चीतल्या न दिसणाऱ्या 'तिच्याशी' हळू आवाजात बोलू लागतो, जसा तो बायकोशी कित्येक वर्षांत बोललेला नाही. बायको स्वयंपाकघरातून ऐकत असते. तिच्या मनात भीतीआधी मत्सर यावा.

काळ जुलैचा ठेवावा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या बेगमीतली, खारवलेली मासळी चालू असते. बायको खाऱ्या बांगड्याचा तुकडा पुढे टाकते, मांजरे तो हुंगून निघून जातात. तरीही ती अंग धरत चालली आहेत आणि त्यांच्या तोंडाला ताज्या बांगड्याचा वास येतो. त्यांना कोण खाऊ घालते, हा प्रश्न कथेत कुणीही विचारू नये. देवचाराला आणायचा मोह इथेच होतो, तो आवरावा. गावाचा राखणदार आला की वाचकाला उत्तर मिळते आणि तो निवांत होतो.

शेवटी दोघींपैकी खरी कोण, याचा निवाडा करू नये. बायको कपाट उघडते, विक्रीच्या कराराचा कागद काढते, आणि जिथे तिने आजवर सही करायचे नाकारले त्या जागी तिच्याच वळणदार अक्षरात सही असते, शाई अजून ओली. बोका कपाटावर उडी मारतो, कागद हुंगतो आणि त्या सहीला गाल घासतो.