गाडीच्या टचस्क्रीनचे थर सुटल्यास: घरी दुरुस्ती करावी की नवा डिस्प्ले घ्यावा

मार्च लागला की पुण्यात दिवसभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टचस्क्रीनच्या तक्रारी सुरू होतात. आधी एखाद्या कोपऱ्यात नखाएवढा फिकट डाग दिसतो. दुपारी तो पसरतो, रात्री काच गार झाली की आक्रसतो, आणि मालक काही आठवडे त्याकडे दुर्लक्ष करतो. मग तो डाग कडेकडेने आत सरकतो आणि एके दिवशी गाडी मागे घेताना कॅमेऱ्याच्या चित्रावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटलेली दिसते. माझ्या गाडीत हे पाचव्या वर्षी घडले. सर्व्हिस सेंटरने पडद्यासह संपूर्ण युनिट बदलावे लागेल असे सांगितले, आणि ती किंमत ऐकून मी हेअर ड्रायरने काच तापवून सुटलेला भाग दाबून बसवण्याचा प्रयत्न केला. दोन दिवस काच स्वच्छ दिसली. तिसऱ्या दिवशी दुपारी डाग पूर्वीपेक्षा मोठा झाला. अखेरीस त्याच युनिटमधली टच ग्लास, म्हणजे स्पर्श ओळखणारी वरची काच, बदलली आणि ते काम नव्या युनिटच्या किमतीच्या साधारण सातव्या हिश्श्यात झाले. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो की, सुटलेला थर पुन्हा चिकटवणे हे घरचे काम नाही. तो थर ज्या भागात आहे तो भाग काढून तसाच नवा भाग बसवणे हे मात्र सावध हाताच्या माणसाला घरी जमणारे काम आहे.

हा फरक समजण्यासाठी पडद्याची रचना ठाऊक असावी लागते. सर्वांत वर संरक्षक काच किंवा प्लास्टिक, त्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारा सेन्सर, त्याखाली चित्र दाखवणारा एलसीडी पॅनेल आणि शेवटी मागून उजेड देणारा बॅकलाइट, अशी ही चळत असते. अनेक गाड्यांत सेन्सर आणि एलसीडी यांच्यामधली पोकळी पारदर्शक चिकट फिल्मने किंवा जेलने भरलेली असते. काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. मधली हवा काढून टाकली की ते परावर्तन जवळजवळ नाहीसे होते आणि भर उन्हातही नकाशा वाचता येतो. बंद गाडीत एप्रिल-मे महिन्यांत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, आणि आत बसताक्षणी आपण एसीचा गार झोत त्यावर सोडतो. वरचा थर पॉलीकार्बोनेट प्लास्टिकचा असेल तर तो तापल्यावर काचेच्या सुमारे सातपट पसरतो. ही ओढाताण वर्षानुवर्षे रोज होत राहते, पावसाळ्यातला दमट वारा कडांतून आत शिरतो, आणि चिकट थर आधी कोपऱ्यात हार मानतो. एकदा हवा आत गेली की जेलच्या पृष्ठभागावर धूळ आणि ओल बसते, त्यामुळे दाब देऊन तो पूर्ववत चिकटत नाही.

हा दोष एखाद्याच कंपनीपुरता नाही. अमेरिकेत कॅडिलॅकच्या २०१३ सालापासूनच्या गाड्यांतील क्यू (CUE) या टचस्क्रीन प्रणालीचे पडदे थर सुटून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडकल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. टेस्लाच्या मॉडेल एसच्या १७ इंची पडद्यांच्या कडा पिवळ्या पडल्या, तेव्हा कंपनीने अतिनील प्रकाशाचे उपकरण वापरून तो पिवळेपणा घालवला. हे दुसरे उदाहरण नीट लक्षात ठेवावे, कारण तो उपाय पिवळ्या पडलेल्या चिकट थरावर चालतो, सुटलेल्या थरावर नाही. अतिनील दिवा विकत घेऊन बुडबुड्यावर धरल्याने काहीही साध्य होत नाही.

आधी निदान

सर्वप्रथम पडद्यावर ॲक्सेसरीजच्या दुकानातून लावलेली गार्ड किंवा फिल्म आहे का ते पाहावे. गाडी घेताना डीलरने ती लावून दिलेली असते, मालक ते विसरून गेलेला असतो, आणि ज्याला तो स्क्रीन खराब होणे समजतो ते केवळ त्या फिल्मचे फुगणे असते. कोपऱ्यात नख हलकेच फिरवावे. कड लागली तर फिल्म उन्हात थोडी मऊ होऊ द्यावी आणि कागद सोलावा तशी आडवी ओढून काढावी. त्याचप्रमाणे वरचा चमकरोधक लेप खपल्यांसारखा निघत असेल तर तो बाहेरचा दोष आहे. स्पर्श आणि चित्र व्यवस्थित असेल तर त्यासाठी गाडी उघडण्याची गरज नाही.

यानंतर पडदा पूर्ण बंद करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा. बंद पडद्यावरही कड असलेला, किंचित इंद्रधनुषी कडांचा डाग दिसत असेल आणि अंगठ्याने हलके दाबल्यावर तो पाण्याच्या थेंबासारखा सरकत असेल, तर थर सुटलेला आहे. बंद असताना काहीच दिसत नसेल आणि चालू केल्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसत असेल, तर आतला एलसीडी फुटला आहे. उभ्या-आडव्या रेषा दिसत असतील तर दोष बहुधा पडदा बोर्डाला जोडणाऱ्या चपट्या वायरपट्टीत किंवा पॅनेलमध्ये आहे. पडदा स्वच्छ असून बोट न लावता बटणे आपोआप दाबली जात असतील, आवाज वाढत असेल, फोन लागत असेल, तर तो टचचा दोष आहे; मात्र थर सुटल्यामुळेही सेन्सरचे मापन बिघडते आणि हीच लक्षणे दिसतात, म्हणून दोन्ही तपासण्या कराव्यात. आपोआप चालणारा टच हा मला सर्वांत गंभीर प्रकार वाटतो, कारण चालत्या गाडीत चालकाची नजर पुन्हा पुन्हा रस्त्यावरून हटते. असे असेल तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

गाडी वॉरंटीत किंवा वाढीव वॉरंटीत असेल तर स्क्रूलाही हात लावू नये. सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन जॉब कार्डावर दोषाचे वर्णन लिहून घ्यावे आणि छायाचित्रे ईमेलने पाठवावीत. नकार मिळाला तर तो लेखी मागावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.

निर्णय कशावर घ्यावा

वॉरंटी संपली असेल तर तीन वाटा उरतात. पहिली वाट म्हणजे फक्त टच ग्लास किंवा टच आणि एलसीडी एकत्र चिकटवलेला जोड, ज्याला मोबाइल दुरुस्तीवाले कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतात, तो बदलणे. दुसरी, कंपनीचे संपूर्ण युनिट नवे किंवा वापरलेले घेणे. तिसरी, बाहेरचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवणे. माझे मत असे की एलसीडी शाबूत असून टच ग्लास केवळ कडेच्या दुपदरी टेपने बसवलेली असेल तर पहिल्या वाटेला पर्याय नाही. दोन्ही थर एकमेकांना पूर्ण चिकटवलेले असतील तर कॉम्बो घ्यावा. फक्त काच वेगळी करण्याच्या फंदात पडू नये.

ज्यांना तरीही जुना एलसीडी वाचवायचा आहे त्यांनी ते काम यंत्र असलेल्या कारागिराकडे द्यावे. तो पॅनेल सुमारे ८० अंशांच्या तापत्या पाटावर ठेवतो, केसाहून बारीक तार दोन थरांमधून करवतीसारखी ओढतो, जुने जेल पुसतो, नवी ओसीए (पारदर्शक चिकट) फिल्म निर्वात यंत्रात दाबून बसवतो आणि उरलेले बुडबुडे दाबाच्या कुकरसारख्या पात्रात घालवतो. हे सर्व पाहिल्यानंतर इस्त्री, हेअर ड्रायर आणि इंजेक्शनच्या सुईने आत सोडलेला गोंद या उपायांचा विचार मनातून निघून जातो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ तर काचेवर पांढरा धुरकट थर सोडते आणि तो आतल्या बाजूला बसला की निघत नाही. मोबाइलवाल्यांची यंत्रे बऱ्याचदा ७-८ इंचांपर्यंतच चालतात, म्हणून पॅनेल घेऊन जाण्याआधी त्याचे माप सांगून विचारावे.

बाहेरचा स्टिरिओ स्वस्त आणि मोठा मिळतो हे खरे, परंतु ज्या गाडीत एसीचे नियंत्रण, दारांच्या कुलपांच्या सेटिंग्ज किंवा ३६० अंशांचा कॅमेरा त्या मूळ पडद्यातूनच चालतो, तिथे तो घेऊ नये. साध्या गाडीत घ्यायचा असल्यास वायर न कापता कपलर टू कपलर जोडणी आणि योग्य कॅनबस (गाडीचे संदेश स्टिरिओपर्यंत पोहोचवणारा जोड) मिळत असेल तरच घ्यावा, आणि स्टिअरिंगवरची बटणे व मागचा कॅमेरा दुकानातच चालवून पाहावा. वापरलेले कंपनी युनिट घेताना वेगळीच अडचण येते: अनेक युनिट मूळ गाडीच्या क्रमांकाशी जोडलेली असतात आणि दुसऱ्या गाडीत लावल्यावर कोड मागतात. तो कोड मिळण्याची खात्री होईपर्यंत पैसे देऊ नयेत. फक्त काच किंवा पॅनेल बदलल्यास हा प्रश्न सहसा येत नाही, कारण मूळ बोर्ड तोच राहतो.

टच ग्लास किंवा कॉम्बो बदलण्याची रीत

भाग आधी मागवू नये. युनिट बाहेर काढावे, पॅनेलच्या मागचे लेबल वाचावे आणि त्यावरचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्यावा. एकाच मॉडेलच्या गाडीत वर्षागणिक वेगळे पॅनेल असतात. वायरपट्टीची रुंदी, पिनांची संख्या आणि ती कोणत्या बाजूने बाहेर येते हे तिन्ही जुळले पाहिजे. नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे चौकशी करताना गाडीचे नाव सांगण्याऐवजी पॅनेलचे छायाचित्र दाखवावे, त्यामुळे चुकीचा भाग गळ्यात पडत नाही. प्लास्टिकचे ओपनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक दुपदरी टेप बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात शोधावीत.

काम सावलीत करावे आणि पंखा बंद ठेवावा. युनिट कोड मागणारे असेल तर तो आधी लिहून ठेवावा. इग्निशन बंद करून दहा नंबरच्या पान्ह्याने बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे आणि एअरबॅगच्या सर्किटमधला विद्युतभार उतरावा म्हणून किमान १० मिनिटे थांबावे. इलेक्ट्रिक गाडीत कंपनीच्या पुस्तिकेतील वीज बंद करण्याची पद्धत हाताशी नसेल तर हे काम घरी करू नये, आणि नारिंगी केबलला कोणत्याही परिस्थितीत स्पर्श करू नये.

पडद्याभोवतीची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर बसलेली असते. कडेला कागदी टेप लावून प्लास्टिकच्या ओपनरने ती एका कोपऱ्यातून उचलावी. क्लिप सुटताना टक् असा स्वच्छ आवाज येतो, आणि तो न येता प्लास्टिक वाकू लागले तर कुठेतरी लपलेला स्क्रू राहिला आहे असे समजावे. पट्टी निघाली तरी ती ओढू नये, कारण मागे हॅझार्ड स्विचचा आणि काही गाड्यांत एअरबॅगच्या दिव्याचा कपलर असतो. हे कपलर काढलेले असताना इग्निशन चालू केल्यास एअरबॅगचा इशारा नोंदला जातो. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे चिकटवावेत. लांब स्क्रू आखूड जागी बसवला की तो थेट पॅनेलमध्ये घुसतो.

युनिट टेबलावर मऊ कापडावर पालथे ठेवून मागचे झाकण उघडावे. वायरपट्ट्यांच्या सॉकेटला एक बारीक काळी किंवा तपकिरी पापणी असते. ती नखाने वर उचलली की वायरपट्टी विनासायास बाहेर येते. जोर लावावा लागत असेल तर पापणी उघडलेली नाही. पूर्ण कामात सर्वाधिक भाग याच ठिकाणी तुटतात, म्हणून इथे घाई करू नये.

नवा भाग चिकटवण्यापूर्वी नुसती वायरपट्टी जोडून, बॅटरीचे टर्मिनल तात्पुरते लावून, पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवून तपासावा. त्याआधी बाहेर काढलेले सर्व कपलर जागेवर लावलेले असावेत. ठीक वाटल्यास पुन्हा वीज तोडावी, चौकटीवरचा जुना चिकटा अल्कोहोलने पुसावा, एलसीडीवरचा कण न् कण टेपच्या चिकट बाजूने टिपून घ्यावा, आणि मगच नव्या काचेचा आतला संरक्षक कागद सोलून ती बसवावी. स्क्रू तिरक्या क्रमाने आणि हलक्या हाताने आवळावेत. एका बाजूने जास्त आवळल्यास तोच ताण नव्या काचेचा थर पुन्हा सोडवतो.

बसवल्यानंतरची चाचणी संध्याकाळी करून भागत नाही. गाडी एक दुपार उन्हात उभी करावी, नंतर एसी लावून टच, मागचा कॅमेरा आणि स्टिअरिंगची बटणे तपासावीत, आणि पंधरा दिवसांनी टॉर्च तिरका धरून कडा पुन्हा पाहाव्यात. पार्किंगमध्ये समोरच्या काचेला सनशेड लावावे आणि सुरुवातीची दोन मिनिटे एसीचा झोत पडद्यावरून वळवावा. जुना पॅनेल लगेच भंगारात देऊ नये. नव्या भागाने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढेपर्यंत तो लेबलासह जपून ठेवावा, कारण पुन्हा भाग मागवायची वेळ आली तर तोच क्रमांक आणि तीच पट्टी दुकानदाराला दाखवावी लागते.