टोकन घ्यायच्या आधी त्याचा उतारा वाचा

खानापूरच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसजवळ बसून मी एकवीस वर्षं दस्त लिहितोय. जमीन घेणारे आधी माझ्याकडं येतात, कारण जुना कागद मोडीत असतो, त्यानंतरचा मराठीत आणि आजचा पहाणी उतारा कानडीत. बोजा उताऱ्यावर स्पष्ट लिहिलेला असतो, पण आपल्या माणसाला कानडी वाचता येत नाही. मग तो विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून सही करतो.

दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या सुमारास संकेश्वरचा मावसभाऊ आला. उसाच्या बिलाचे तीन लाख हातात होते, बेळगावात एका हॉटेलात कुणीतरी मीटिंग घेतली होती आणि एका नव्या टोकनमध्ये, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यात, पैसे घालायचे ठरले होते. मी विचारलं, "उतारा बघितलास?" तो म्हणाला, "दादा, टोकनला कसला आलाय उतारा?"

असतो. टोकनं ब्लॉकचेनवर, म्हणजे असंख्य संगणकांवर ठेवलेल्या एका सामाईक वहीत असतात. इथेरियमसारख्या सार्वजनिक ब्लॉकचेनवरचा प्रत्येक व्यवहार कायमचा आणि सगळ्यांसमोर नोंदलेला असतो. तो बघायला फी लागत नाही, अर्ज लागत नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी मोबाईलवर जसा वाचला, तसाच इथं सांगतो.

पहिल्यांदा नाव विसरा आणि कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता मागा. गावात एकाच नावाचे चार पाटील असतात, म्हणून आपण सर्व्हे नंबर बघतो, इथंही तसंच. नाव आणि चित्र कुणीही उचलतो, पत्ता मात्र एकच. इथेरियमवर तो शून्य-एक्सनं सुरू होतो आणि पुढं चाळीस अक्षरं-आकडे असतात. प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरचा आणि कॉइनगेको या भाव दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं सारखी असलेले नकली पत्ते मुद्दाम तयार केले जातात. मग तो पत्ता इथरस्कॅन या इथेरियमच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर टाका. बीएनबी चेनसाठी बीएससीस्कॅन, सोलानासाठी सोलस्कॅन. पत्ताच दिला नाही तर तिथंच उठा. वनकॉइन नावाचं नाणं २०१४ पासून जगभर विकलं गेलं, आणि त्याच्यामागं खरी ब्लॉकचेनच नव्हती. २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्याची सभा चालू असताना माणसं पकडली होती.

पत्ता उघडला की 'होल्डर्स'वर जा. सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. माल, म्हणजे टोकनं, किती जणांकडं आहे ते टक्क्यांसकट दिसतं. पण यादीतला सगळ्यात वरचा पत्ता बघून लगेच घाबरू नका. तो एखाद्या एक्स्चेंजचा, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री चालवणाऱ्या कंपनीचा, पत्ता असेल तर त्यात हजारो गिऱ्हाइकांचा माल असतो. कधी तो कुलूपबंद कॉन्ट्रॅक्ट असतो, कधी जाळून टाकलेल्या टोकनांचा मृत पत्ता. हे बाजूला काढून उरलेले पत्ते एकेक उघडा आणि त्यांचा सगळ्यात जुना व्यवहार बघा: पहिला माल कुठनं आला, कधी आला. मावसभावाच्या टोकनात पहिल्या दहा पत्त्यांकडं मिळून नव्वद टक्क्यांहून जास्त माल होता, आणि दहाही पत्ते एकाच दुपारी, एकाच वॉलेटमधनं भरले होते. बेनामी जमीन मी पुष्कळ बघितली आहे. नावं दहा असली तरी घर एकच असतं.

त्यानंतर कॉन्ट्रॅक्ट. कोड तपासलेला नसेल, हिरवी खूण नसेल, तर पुढं जाऊ नका. असेल तर 'रीड कॉन्ट्रॅक्ट'मध्ये मालक कोण ते बघा आणि कोडमध्ये 'मिंट', 'पॉज', 'ब्लॅकलिस्ट' हे शब्द शोधा. म्हणजे नवा माल छापता येतो का, विक्री थांबवता येते का, एखादा पत्ता गोठवता येतो का. नुसता अधिकार असणं हा गुन्हा नाही. यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या टोकनाच्या कंपनीलाही पत्ते गोठवता येतात. अधिकार एकाच किल्लीत, म्हणजे एकाच गुप्त सहीत, आहे की पाच-सात जणांच्या सह्या लागतात, ते महत्त्वाचं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एका गाजलेल्या कोरियन मालिकेचं नाव लावून आलेलं टोकन १ नोव्हेंबरला २,८०० डॉलरच्या वर गेलं आणि त्याच दिवशी शून्याजवळ आलं. घेणाऱ्यांना ते विकताच येत नव्हतं. म्हणून घेण्याआधी सामान्य पत्त्यांवरनं विक्री होताना दिसते का, ते व्यवहारांच्या यादीत बघाच.

विकायचं तर समोर पैसा पाहिजे. नव्या टोकनासाठी तो पैसा युनिस्वॅप, पॅनकेकस्वॅपसारख्या ठिकाणी एका सामाईक तळ्यात असतो. किंमत गुणिले नग करून कागदावर ४०० कोटी दिसत असतील आणि तळ्यात दहाच लाख असतील, तर तो भाव कुणालाच मिळणार नाही. तळ्याची कागदपत्रं, म्हणजे एलपी टोकन, कुणाकडं आहेत आणि कधीपर्यंत कुलपात आहेत ते बघा. मावसभावाच्या टोकनात ती थेट संस्थापकाच्याच वॉलेटमध्ये होती. भावाचे पैसे वाचले. त्याच मीटिंगला गेलेल्या दोघांचे नाही वाचले, ते माझ्या मनातनं अजून जात नाही.

मोठ्या प्रकल्पांत वापर बघावा लागतो. चालू पत्त्यांचा आकडा फुगवायला सोपा, कारण एक माणूस हजार पत्ते काढतो. लोकांनी खरोखर भरलेली फी डेफिलामा या आकडेवारीच्या साइटवर दिसते. मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो. ठेवी डॉलरमध्ये वाढलेल्या दिसल्या तर ईथरमध्ये, म्हणजे इथेरियमच्या नाण्यातही, वाढल्यात का बघा, नाहीतर नुसता भाव चढलेला असतो. आणि व्याज देतात म्हटलं की ते येतं कुठनं, हे विचारा. टेरा या ब्लॉकचेनवरच्या अँकर नावाच्या ठेव-कर्ज सेवेत यूएसटी या डॉलरशी बांधलेल्या टोकनाला सुमारे २० टक्के मिळत होते. कर्जदारांकडनं तेवढं येत नव्हतं, गंगाजळी आटत होती आणि ती चेनवर दिसत होती. २०२२ च्या फेब्रुवारीत तिच्यात ४५ कोटी डॉलर ओतावे लागले. मे महिन्यात सगळं कोसळलं. त्या काही दिवसांत यूएसटीचा भाव टिकवण्यासाठी असलेल्या लुना या जोडीच्या टोकनाचे नग सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेले.

रोनिन या गेमसाठीच्या ब्लॉकचेनचं तर मला फार वाईट वाटतं. ९ पैकी ५ किल्ल्या हातात आल्यावर २३ मार्च २०२२ ला चोरांनी १,७३,६०० ईथर नेले. व्यवहार सगळ्यांसमोर पडून होता, पण २९ तारखेला एकाला ५,००० ईथर काढता येईनात तेव्हा कळलं. सहा दिवस कुणी उतारा उघडलाच नव्हता. म्हणून घेतल्यावरही बघत राहा. इथरस्कॅनवर फुकट खातं काढलं की एखाद्या पत्त्यावर हालचाल झाल्याबरोबर ईमेल येतो. संस्थापकांचे पत्ते त्यात घालून ठेवा.

एक्स्चेंजच्या आतल्या वह्या मात्र चेनवर नसतात. एफटीएक्स हे एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडालं तेव्हा गिऱ्हाइकांचा माल कुणाला दिला होता, ते कुठल्याही स्कॅनवर वाचता येत नव्हतं. आणि आपल्याकडं नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातनं वजा होत नाही. हिशेब मांडताना ते धरा.

हात बसवायला आधी पैसे न घालता यूएसडीसी या दुसऱ्या डॉलर-टोकनाचा पत्ता उघडा. वरचे वीस होल्डर्स कोण आहेत ते एकेक ओळखून वहीत लिहा. मला पहिल्यांदा दोन संध्याकाळी लागल्या होत्या.