निलंग्याच्या माळावरून एनजीसी ६१६४ चा फोटो

एचडी १४८९३७ हा जोडतारा नॉर्मा तारकासमूहात आहे, आपल्या मूळ नक्षत्राच्याही खाली, दक्षिणेला. भोवतीच्या तेजोमेघाच्या दोन टोकांना एनजीसी ६१६४ आणि ६१६५ असे दोन क्रमांक आहेत, आणि हौशी लोक सगळ्याला मिळून ‘ड्रॅगनचं अंडं’ म्हणतात. लंडन-बर्लिनकडे हा तारा उगवतच नाही. दिल्लीहून क्षितिजाच्या वर जेमतेम १३ अंशांपर्यंत येतो. आमच्या निलंग्याहून मात्र जवळपास २४ अंश चढतो. पुढची सगळी तयारी या २४ अंशांसाठीच आहे.

एवढा खटाटोप याच ताऱ्यासाठी का, ते आधी सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये याच्यावर एक संशोधन आलं. चिलीतल्या पारानाल वेधशाळेतल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून घेतलेली नऊ वर्षांची निरीक्षणं त्यामागे होती. दोन्ही तारे सूर्याच्या कितीतरी पट जड, एकमेकांभोवती फेरी सुमारे २६ वर्षांची. जोडीतले तारे एकाच वेळी जन्मलेले असायला हवेत, पण इथला एक दुसऱ्यापेक्षा निदान १५ लाख वर्षांनी तरुण दिसतो, आणि तोच चुंबकीय आहे. संशोधकांचं म्हणणं असं की मुळात इथे तीन तारे होते. त्यातले दोन एकमेकांत मिसळले, आणि त्या वेळी बाहेर फेकला गेलेला वायू म्हणजे हा तेजोमेघ. वय फक्त ७५०० वर्षं. ते दोन तारे आपल्या फोटोत वेगळे दिसणार नाहीत, तो नाद सोडा. त्या घटनेतून उडालेला वायू मात्र आठ इंची दुर्बिणीत नीट येतो.

आता वेळ. मार्चअखेर हा तारा पहाटे सव्वाचारच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच असतो, मेच्या मध्यात रात्री सव्वा वाजता. त्याआधीचे दोन आणि नंतरचे दोन तास तो १८ अंशांच्या वर राहतो. रात्रीचे कामाचे तास एवढेच. जून लागला की पाऊस, म्हणजे एप्रिल आणि मेमधल्या अमावास्येच्या आगेमागेच्या रात्री धरायच्या. त्या दिवसांत दव पडत नाही, त्यामुळे ड्यू हीटर लागत नाही. धूळ मात्र भरपूर, शिवाय लोक पेरणीआधी धुरे (बांध) जाळतात, तो धूर क्षितिजावर पसरतो. अवकाळीची सर येऊन गेली की दुसऱ्या रात्री दक्षिण क्षितिज धुऊन निघालेलं असतं. त्या पावसानं आंब्याचं नुकसान होतं, म्हणून तो यावा असं मी म्हणणार नाही. पण आला, तर दुसरी रात्र वाया घालवू नका.

जागा निवडताना दक्षिणेला काय आहे ते नकाशात बघा. तुळजापूरची बाजू उंच आहे, पण सोलापूरचा उजेड नेमका त्याच अंगाला येतो. निलंग्याहून दक्षिणेला कलबुर्गी आहे, पण ते ८० किलोमीटरच्या पुढे, २४ अंशांवर त्रास देत नाही. गच्ची बहुधा उपयोगाची नाही: इथे ध्रुवही १८ अंशांवरच, म्हणजे उत्तर आणि दक्षिण दोन्ही खालपर्यंत मोकळं लागतं, आणि गच्चीवर एका अंगाला पाण्याची टाकी असतेच. शेतातल्या आखाड्यावर जाणार असाल तर रानमालकाला आधी विचारा की त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची आहे की रात्रीची. रात्रीची असेल तर लोक पाणी द्यायला येणार, बॅटऱ्या फिरणार, स्टार्टरजवळचा बल्ब लागणार. पायात बूट हवेत, चपला नकोत. विंचू-काट्याचे दिवस असतात.

माउंटचं, म्हणजे दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणाऱ्या यंत्राचं, एक सांगतो. ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवायची सगळ्यांना सवय असते. १८ अक्षांशावर माउंट इतकं झुकतं की होम पोझिशनला (दुर्बीण ध्रुवाकडे रोखलेली असताना) वजनाचा दांडा त्या पायावर जातो. पाय दक्षिणेला घ्या आणि अझिमथची (डावी-उजवी दिशा लावायची) खुंटी फिरवून लावा, किंवा मध्ये एक्स्टेन्शन घाला. ध्रुव धुरात हरवला तर निना या कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं तीन बिंदूंचं पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) वापरा, त्याला ध्रुव दिसावा लागत नाही.

वीज हा माझ्या धंद्यातला विषय आहे, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं, म्हणून जरा थांबतो. माउंट, थंड करायचा कॅमेरा आणि लहान कॉम्प्युटर मिळून साधारण ६ अँपिअर घेतात. बॅटरीपासून ५ मीटर एकची (१ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली तर जाऊन-येऊन १० मीटर होते आणि वाटेतच एक व्होल्ट जातो. बॅटरी १२.२ दाखवते, माउंटला मिळतात ११.१, आणि मग ट्रॅकिंग बिघडलं म्हणून लोक गिअर उघडतात. अडीचची वायर घ्या, तुकडा दोन मीटरचा ठेवा आणि व्होल्टमीटर माउंटच्या टोकाला लावून मोजा. वळवून टेप मारलेले जोड नकोत. लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून घट्ट बसवा.

दुर्बिणीला १००० मिलिमीटर फोकल लेंग्थ पुरे. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला ०.७८ आर्कसेकंद येतात. क्षितिजाजवळ डोक्यावरच्यापेक्षा अडीच पट हवेतून बघतो, तारा चांगल्या रात्रीही फुगलेला असतो, त्यामुळे २००० मिलिमीटरने जास्तीचं काही मिळत नाही. ३००-४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर वेगळी फ्रेम घ्या: पूर्वेला सव्वा अंशावर एनजीसी ६१८८ आहे, दोन्ही एकत्र येतात. शोधायला झीटा वृश्चिक आणि त्याच्या वरचा एनजीसी ६२३१ हा तारकागुच्छ धरा, तिथून नैऋत्येला सुमारे ७ अंश.

कॅमेरा मेच्या उकाड्यात उणे २० ला नेऊ नका, पंखा पूर्ण जोरात पळूनही तापमान टिकत नाही. उणे ५ ठरवा आणि डार्क (झाकण लावून घ्यायच्या फ्रेम) त्याच तापमानाचे घ्या. दुर्बिणीची ट्यूब पत्र्याखाली ठेवू नका, दिवस मावळताच उघड्यावर काढा. गाइडिंगचं (माउंटला ताऱ्यावर टिकवणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचं) एक्स्पोजर ३-४ सेकंद ठेवा, नाहीतर माउंट हवेच्या थरथरीमागे धावतं.

फिल्टरचा क्रम महत्त्वाचा. निळा-हिरवा प्रकाश खाली जास्त विखुरतो, म्हणून ओ-थ्री (ऑक्सिजनच्या निळ्या-हिरव्या प्रकाशाचा फिल्टर) तारा मध्यावर असतानाचे दोन तास लावा, आणि एच-अल्फा (हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा) आधीचा एक आणि नंतरचा एक तास. एच-अल्फा फिल्टर ७ नॅनोमीटर रुंदीचा घ्या. या मेघात नायट्रोजन भरपूर आहे आणि त्याची ६५८.४ नॅनोमीटरची रेषा ३ नॅनोमीटरचा फिल्टर कापून टाकतो. मेघासाठी ३०० सेकंदांच्या फ्रेम घ्या. मधला तारा ७ व्या प्रतीच्या आसपासचा, तो जळून जातो, म्हणून त्याच्यासाठी १० सेकंदांच्या काही फ्रेम त्याच फिल्टरांतून वेगळ्या.

प्रोसेसिंग सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये होतं. स्टॅक करण्याआधी, म्हणजे फ्रेम एकावर एक रचण्याआधी, प्रत्येक फ्रेमचं बॅकग्राउंड काढा, कारण क्षितिजाकडचा उजेड रात्रभर जागा बदलतो. कलर कॅमेरा असेल तर लाल, हिरवा, निळा चॅनेल सुटे करून एकमेकांवर बसवा आणि मगच जोडा. एवढ्या खाली हवा प्रिझमसारखी रंग फाकवते, ताऱ्याच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी रेघ येते. एच-अल्फात इंग्रजी एससारखी दोन टोकं लगेच वर येतात. बाहेरचं निळसर कवच ओ-थ्रीत फार फिकं असतं. ते एका रात्रीच्या दोन तासांत निघत नाही, पुढच्या अमावास्येच्या फ्रेम त्यात मिळवा. तोवर स्ट्रेच (फिका भाग उजळवणं) ताणून नॉइझला कवच समजू नका.