सरकारी खर्चावर उत्तर लिहिताना या चुका टाळा

नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससी करणाऱ्या पोरापोरींना सरकारी खर्चाबद्दल विचारलं की दोनच उत्तरं येतात, एक तर सरकारने खर्च केला की विकास होतो, नाहीतर पैसे वाटून देश बुडतो. दोन्ही अर्धवट आहेत, मार्क तर जातातच पण आपल्याच टॅक्सच्या पैशाबद्दल आपण भलत्याच मुद्द्यावर भांडत बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे देश कुठल्या टप्प्यावर आहे ते बघायचंच नाही. नाशिकजवळचं आपलं गंगापूर धरण घ्या. त्या काळात कुठलीच कंपनी ते बांधायला आली नसती, पैसा सुटायला किती वर्षं लागणार होती, पण त्याच पाण्यावर शहर वाढलं, कारखाने चालले, कालव्याखालची शेती उभी राहिली. जिथं धरण, रस्ता, वीज काहीच नाही तिथं पहिला रुपया फार मोठं काम करतो. उलट जपानने १९९० नंतर मंदी हटवायला रस्ते-पुलांवर प्रचंड पैसा ओतला, पण तिथं रस्ते आधीच चांगले होते. त्या खर्चामुळं मंदी आणखी खोल गेली नाही असं काही जण म्हणतात, तरी वेगवान वाढ काही परत आली नाही.

दुसरी चूक, सगळा खर्च एकाच मापाने मोजणं. दिल्लीच्या एनआयपीएफपी या सरकारी अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासात भांडवली खर्चाचा (धरण, रस्ते असं टिकाऊ काही उभं करणाऱ्या) गुणक, म्हणजे एक रुपया खर्चला की उत्पादन किती रुपयांनी वाढतं तो आकडा, २.४५ आला आणि थेट पैसे हस्तांतरणाचा ०.९८. हा आकडा सगळे पाठ करतात आणि लगेच लिहितात की महसुली खर्च (पगार, अनुदान असा चालू खर्च, पैसे हस्तांतरणही यातच येतं) वाया. अरे, शाळेतल्या शिक्षकाचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सचा पगार महसुलीच असतो ना! गरीब देशात तोच खर्च पुढची कामकरी पिढी घडवतो, फक्त फळ दिसायला वेळ लागतो.

कर्जाचंही तसंच. जपानचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त, तरी चालतंय कारण ते येनमध्ये आहे आणि बहुतेक जपानमधल्याच लोकांनी आणि संस्थांनी दिलेलं आहे. श्रीलंकेला डॉलरमध्ये फेडायचं होतं, २०२२ ला डॉलरच संपले. नुसती टक्केवारी लिहून थांबू नका, कर्ज कुठल्या चलनात आहे तेही लिहा.

उत्तर अडलं तर एकच प्रश्न विचारा: माणसं आणि मशिनं रिकामी पडलीत का? रिकामी असतील तर खर्चाने उत्पादन वाढतं, नसतील तर भाव वाढतात. नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं उदाहरण इथं छान बसतं, सगळी कामं एकदमच काढली आणि मिस्त्री, खडी, डांबर तेवढंच राहिलं तर कामापेक्षा रेटच जास्त वाढणार, घर बांधणाऱ्या साध्या माणसालाही ते महाग पडणार. आणि मेळा संपल्यावर त्या रस्त्यांच्या देखभालीला दरवर्षी पैसे कुठून येणार हे उत्तरात लिहिलेलं मला क्वचितच दिसतं.