बोलोन्यात लोकल गाइड घेऊन खादाडी : नाशिककरांसाठी थोडं सविस्तर

इटलीची टूर म्हटलं की आपल्याकडची मंडळी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून मोकळी होतात आणि बोलोन्या ट्रेनच्या खिडकीतूनच मागे पडतं. खायची आवड असेल तर प्लीज असं करू नका. फ्लॉरेन्सहून फास्ट ट्रेनने जेमतेम ४० मिनिटं लागतात, एक अख्खा दिवस द्या आणि तो प्रायव्हेट लोकल गाइड घेऊनच करा, कारण इथे काय फेमस आहे ते गुगल सांगतं पण अर्धे व्हेज, अर्धे नॉनव्हेज, त्यात कोणी शनिवार पाळणारं अशा आपल्या घरच्यांनी कुठे बसून काय खायचं हे तिथल्याच माणसाला विचारावं लागतं.

बुक करताना आधी लायसन्स आहे का विचारा, इटलीत टूर गाइडला ते लागतं. मग हे विचारा की प्रायव्हेट म्हणजे फक्त आपणच ना, आणि टेस्टिंगचे पैसे फी मध्ये धरलेत की वेगळे द्यायचे, हे सगळं मेलवर लेखी घ्या. शनिवारी नॉनव्हेज न खाणारं कोणी असेल तर वार बघूनच तारीख ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं 'आम्ही व्हेज आहोत' लिहून भागत नाही, एकेक पदार्थ धरून लिहा. तोर्तेल्लिनी म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, त्याच्या सारणात पोर्क, प्रोशुत्तो आणि मोर्तादेल्ला (दोन्ही डुकराच्या मांसाचेच प्रकार) असतं आणि ती येते पण मांसाच्या ब्रोदोमध्ये, म्हणजे सूपमध्ये. रागू म्हणजे पास्त्यावरच्या मांसाच्या सॉसमध्ये बीफ असतं, हे नॉनव्हेज खाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. पियादिना, क्रेशेंतिने दिसायला साध्या पोळी-पुरीसारख्या पण पारंपरिक पद्धतीत त्यात स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी वापरतात. आणि पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या रेनेटशिवाय, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याशिवाय, बनतच नाही, तेव्हा ते चालतं की नाही हे घरातच ठरवून जा. अंडं खाता की नाही हेही लिहा, कारण इथला ताजा पास्ता अंड्यातच मळतात. ही यादी आठवडाभर आधी गेली की गाइड दुकानं त्याप्रमाणे ठरवतो, ऐनवेळी सांगितलं तर बिचारा तुम्हाला जेलातो खायला घालून वेळ मारून नेणार.

सकाळी दहाच्या आसपास सुरू करा, पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकापासून. बाजूलाच क्वाद्रिलातेरो, आपल्या सराफ बाजार-भांडी बाजाराच्या गल्ल्यांसारखाच जुना बाजार, सोनारांची गल्ली, मासळीवाल्यांची गल्ली, कापडवाल्यांची गल्ली अशी नावं अजून टिकून आहेत. इथे घाई करू नका. गाइडला आधीच सांगून ठेवा की स्फोल्यिना बघायचीय, म्हणजे हाताने पास्ता लाटणारी बाई. साधारण १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, लाकडी पाटावर हातभर लांब लाटण्याने ती एवढी मोठी आणि पातळ पोळी लाटते की काठ पाटाखाली लोंबत असतो, मग त्याचे चौकोन कापून चिमटीएवढं सारण भरून बोटाच्या टोकाभोवती गुंडाळते, हात थांबतच नाहीत, पोळ्या लाटणाऱ्या आपल्या बायकांना तर तिथून हलवणं अवघड.

ताल्यातेल्ले म्हणजे पट्ट्यांच्या पास्त्याची रुंदी किती असावी हेसुद्धा या लोकांनी १९७२ मध्ये चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवून ठेवलंय, शिजल्यावर ८ मिलिमीटर! स्पॅगेटी बोलोनीज मात्र मागू नका, इथे रागू ताल्यातेल्लेवरच. व्हेजवाल्यांनी रिकोटा चीज भरलेली तोर्तेल्लोनी, म्हणजे तोर्तेल्लिनीची मोठी बहीण, घ्या, वर बटर आणि सेजची पानं. आणि फ्रिज्जोने नक्की शोधायला लावा, पांढरा कांदा आणि टोमॅटो तासन् तास मंद आचेवर शिजवतात, लासलगावच्या इतक्या जवळ राहून हे न चाखता परत येणं बरोबर नाही. फक्त तेलात केलंय की चरबीत हे गाइडला विचारायला लावा.

दुपारचं जेवण साडेबारा-एकला उरका, अडीचनंतर बहुतेक किचन बंद होतात ती थेट संध्याकाळी साडेसातला उघडतात. किंवा बाजारातून ब्रेड, चीज, फळं घेऊन ओस्तेरिया देल सोलेमध्ये बसा, १४६५ पासूनची जागा आहे, वाइन त्यांची घ्यायची आणि खाणं आपलं न्यायचं. वाइनचं नाशिककरांना वेगळं काय सांगणार, पण पिन्योलेत्तो मागून बघा, तिथलीच पांढरी, हलकी फेसाळ.

जेवणानंतर पोर्टिको, म्हणजे छत असलेले फुटपाथ, शहरभर मिळून ६२ किलोमीटर, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. ऊन-पाऊस कशाची चिंता नाही, त्यामुळे वयस्कर माणसं पण आरामात फिरतात. सान लुकाचा पोर्टिको ३.८ किलोमीटर आणि ६६६ कमानींचा आहे पण चढ आहे, गुडघे दुखत असतील तर छोटी टुरिस्ट ट्रेन घ्या. विद्यापीठ १०८८ चं मानतात, तो भाग गाइडकडून पाऊण तासात बघून होतो. शहरातल्या दोन जुन्या उंच टॉवरवर चढायचं धरून चालू नका, त्यातल्या गारिसेंडाच्या झुकण्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो परिसर बंद केला, शेजारचा ९७ मीटरचा आझिनेल्लीसुद्धा.

बिलात कोपेर्तो म्हणून माणशी थोडे युरो लागतात, तो टेबलचा चार्ज, त्यावरून वाद घालू नका. टिपची सक्ती नाही, पण गाइडने घरातल्या प्रत्येकाचं खाणं सांभाळलं असेल तर हात आखडू नका.